दूरचित्रवाणीवरील न्यायदान आणि नगर जिल्ह्यातील बांध

कायदेविषयक मालिका हा दूरचित्रवाणीवरील असा कथाप्रकार आहे की, ज्यात काळ्या कोटातील नायक एका निरपराध आरोपीची बाजू घेऊन न्यायालयात उभा राहतो, प्रतिपक्षाचा वकील त्याच्याकडे पाहून कुत्सितपणे हसतो, आणि शेवटच्या जाहिरातीच्या जरा अलीकडे खरा गुन्हेगार न्यायालयातील बाकावरच बसलेला आढळतो. या व्याख्येत न्यायाधीशांचा उल्लेख राहून गेल्याची हरकत कोणी घेतल्यास ती मान्य करता येणार नाही, कारण दोन वकिलांना आळीपाळीने शांत राहण्यास सांगण्यापलीकडे मालिकेतही त्यांच्याकडे फारसे काम सोपवलेले नसते.

हा कथाप्रकार महाराष्ट्रात घरोघरी पाहिला जातो. तथापि तो पारखून पाहणारा प्रेक्षक हवा असेल, तर त्याचा शोध नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात घेणे श्रेयस्कर ठरेल. क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा आणि चौदा तालुक्यांचा आहे. जेथे एवढी जमीन तेथे त्या प्रमाणात बांध असणारच, आणि जेथे बांध तेथे दिवाणी दावे. बांध म्हणजे दोन शेतांमधला मातीचा उंचवटा. त्याची रुंदी हात-दीड हात भरते आणि त्यावरून चालणाऱ्या दाव्याची लांबी सहज दोन पिढ्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण या जिल्ह्यातही सर्वांना पाठ आहे, आणि ती बहुधा कोर्टाच्या पायरीवर बसूनच एकमेकांना ऐकवली जाते.

ज्याच्या घरात वडिलांच्या हयातीत दाखल झालेला दावा अजून 'पुराव्याकामी', म्हणजे साक्षी नोंदवण्याच्या टप्प्यावर, थांबलेला आहे, असा प्रेक्षक मालिकेतील खून कोणी केला याची फारशी फिकीर करीत नाही. त्याचे कुतूहल वेगळ्या जातीचे असते. नायकाने वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेला लेखी अधिकार, केव्हा दाखल केले, कागदपत्रांच्या नकला एका दिवसात कोणत्या नक्कल विभागाने दिल्या, साक्षीदाराला समन्स बजावले कोणी, आणि मुख्य म्हणजे तो पहिल्याच तारखेला हजर कसा राहिला, असे प्रश्न त्याला पडतात. दुपारी उभ्या राहिलेल्या खटल्याचा निकाल त्याच दुपारी लागला की, त्याचा मालिकेवरचा विश्वास पार उडतो. तरीही दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी दूरदर्शन संचासमोर बसलेला असतो, आणि त्यालाही कारण आहे. ते मालिकांच्या वंशावळीनंतर सांगणे सोयीचे.

मराठी माणसाला न्यायालयाची गोडी दूरचित्रवाणीने लावली असे म्हणणे हा रंगभूमीवर अन्याय होईल. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये रंगमंचावर आले आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांच्या रूपाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. निरनिराळी नावे धारण करून स्त्रियांशी लग्ने लावणाऱ्या माधव काझी नावाच्या इसमावरील खऱ्या खटल्याचा त्या नाटकाला आधार होता, आणि त्यासाठी वापरलेल्या फिरत्या रंगमंचामुळे न्यायालयातून घटनास्थळी व घटनास्थळावरून पुन्हा न्यायालयात क्षणार्धात जाता येत असे. दिवाणी न्यायालयाला जागेवर जायचे झाल्यास त्यासाठी 'कोर्ट कमिशनर', म्हणजे न्यायालयाच्या वतीने पाहणी करणारा अधिकारी, नेमावा लागतो, त्याची फी भरावी लागते आणि शेतात चिखल असेल तर पावसाळा सरण्याची वाट पाहावी लागते. एवढ्या अवधीत फिरत्या रंगमंचाने किती फेऱ्या मारल्या असत्या याचा हिशेब न केलेला बरा.

पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आले. त्यात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडते आणि बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्यावर उठते. पुढील मालिकाकारांनी अत्र्यांकडून पिंजरा उचलला. तेंडुलकरांकडून मात्र काहीच घेतले नाही, कारण तेंडुलकरांच्या नाटकात न्याय करायला बसलेली मंडळीच अखेर आरोपी ठरतात, आणि साबणाच्या जाहिरातीपूर्वी प्रेक्षकाला असे काही दाखवणे व्यवहाराला धरून नसते.

मालिकांचा खरा पूर्वज अमेरिकेतला आहे. सीबीएस वाहिनीवर १९५७ ते १९६६ या काळात 'पेरी मेसन' ही मालिका चालली. तिचा मूळ कादंबरीकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर याने स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेली होती, आणि अखेरच्या भागात तो न्यायाधीशाच्या भूमिकेत बसला. म्हणजे ज्याने खटला रचला त्यालाच निकालाच्या खुर्चीवर बसण्याचा मान मिळाला; हा योग लाभावा म्हणून जगातील कोणत्याही बार रूममधील, म्हणजे वकिलांच्या बसण्याच्या खोलीतील, कोणीही सदस्य आपली सनद गहाण ठेवायला तयार होईल. या मालिकेने जगाला जी युक्ती दिली ती अशी की, उलटतपास, म्हणजे प्रतिपक्षाच्या वकिलाने साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, पुरेसा तिखट असला तर खरा गुन्हेगार पिंजऱ्यातच कोसळतो आणि रडत रडत सर्व कबूल करतो. सोनी वाहिनीवर २०१० मध्ये सुरू झालेल्या 'अदालत'मधील के. डी. पाठक या वकिलाने, म्हणजे रोनित रॉय या नटाने, ही युक्ती हिंदीत इतकी रुळवली की, कबुली न देता शिक्षा होणारा गुन्हेगार प्रेक्षकाला अपुरा वाटू लागला.

अडचण एवढीच की, भारतीय कायद्यात या युक्तीला बसायला जागा फार थोडी आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरला जात नाही, हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही असे संविधानाचा अनुच्छेद २० सांगतो. आणि सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे त्याने शपथेवर देण्याची अपेक्षाच नसते. या शेवटच्या प्रकाराला वकीलमंडळी जुन्या कलमाच्या क्रमांकावरून अजूनही 'तीनशे तेराचा जबाब' म्हणतात. साक्षीदारांनी सांगितलेली एकेक गोष्ट त्यात आरोपीपुढे ठेवली जाते आणि तो बहुतेक ठिकाणी 'खोटे आहे' असे उत्तर देतो. शंभर प्रश्न असले तर शंभर वेळा. लखोबाला नाकबूल व्हायला तीन शब्द लागत. येथे दोनांत भागते.

तालुक्याच्या न्यायालयात साक्ष कशी होते याचा एक नमुना येथे देणे उपयुक्त ठरेल, कारण तो कोणत्याही मालिकेत सापडणार नाही. बांधाच्या दाव्यात गावातील एक वयस्क शेतकरी वादीच्या, म्हणजे दावा लावणाऱ्याच्या, बाजूने पिंजऱ्यात येतो. त्याच्या बाजूचा वकील सरतपास घेतो, म्हणजे त्याला आपल्या बाजूचे प्रश्न विचारतो, आणि बांध किती वर्षांपासून आहे असे पुसतो. "साहेब, आमचा आजा त्या बांधावं बसून भाकर खायचा. बाभळ होती तिथं मोठी. ती यानं रातीतनं तोडली, विचारा त्याला," असे म्हणून साक्षीदार प्रतिवादीकडे बोट करतो. न्यायाधीश हे सर्व ऐकून घेतात, क्षणभर थांबतात आणि लघुलेखकाला सांगतात, "वादग्रस्त बांध पूर्वापार आहे. बांधावर बाभळीचे झाड होते." आजा, भाकर आणि बाभळ तोडण्याची ती रात्र न्यायालयाच्या दप्तरात उतरत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणी विचारलेले नसते. मग प्रतिवादीचा वकील उठतो आणि तुम्हाला वादीने शिकवून आणले आहे काय, असा ठेवणीतला प्रश्न टाकतो. "न्हाय साहेब, मी माझ्या येष्टीनं आलोय." दप्तरी नोंद होते, "मला वादीने शिकवून आणले आहे, हे म्हणणे खरे नाही." कनिष्ठ न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मराठी राहील, असे राज्य शासनाने १९९८ मध्ये अधिसूचित केले आणि त्याप्रमाणे हे कामकाज मराठीत झाले, केवळ साक्षीदाराच्या मराठीत ते झाले नाही.

या संवादात संघर्ष आहे, खलनायक आहे आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोपही आहे. पार्श्वसंगीत तेवढे नाही. एखाद्या पटकथाकाराने ही साक्ष ऐकली असती, तर बाभळीवरच त्याने तीन आठवडे काढले असते.

न्यायालयाच्या नेपथ्याबाबत मालिकाकारांचा उदारपणा अधिकच थक्क करणारा आहे. जिल्ह्यातील अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत कोणत्याही न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा दिसणार नाही, कारण भारतीय न्यायालयांत तो वापरण्याची पद्धतच नाही. गलका वाढला तर साहेब फाईलमधून मान वर करून चष्म्यावरून पाहतात आणि उरलेले काम शिपाई करतो. कापडात गुंडाळलेला धर्मग्रंथही तेथे फिरत नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदार ईश्वरास स्मरून शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. परंतु पडद्यावर लहानपणापासून ग्रंथ पाहिलेला साक्षीदार पिंजऱ्यात शिरताच उजवा हात पुढे करून कशाची तरी वाट पाहू लागतो, आणि तो हात हलकेच खाली घेणे हा वकिलाच्या तयारीचा भाग होऊन बसला आहे. 'माय लॉर्ड' या संबोधनाचीही तीच गत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये ठरवून दिले की, कनिष्ठ न्यायालयांत 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतील तत्सम शब्द वापरावा. नगर जिल्ह्यात 'साहेब' हा शब्द तहसीलदारापासून साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना पूर्वीपासून चालत असल्यामुळे, या नियमाचे पालन तो होण्याआधीच सुरू झाले होते असे मानण्यास हरकत नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडली तर वकिलांना गाऊन ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात काळ्या कोटातूनही सूट आहे, ही माहिती मालिकांच्या वेशभूषाकारांपर्यंत अद्याप पोचलेली दिसत नाही. तेथील वकील कोट घालून न्याहारी करतात.

ज्यूरीचे, म्हणजे निकाल देण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाचे, प्रकरण थोडे निराळे आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी ते मत न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच राहिली नाही. तिची उणीव मालिकेने प्रेक्षकांच्या बाकावर नातेवाईक बसवून भरून काढली आहे. ते ज्यूरीसारखेच कायदा न जाणता मत बनवतात आणि शिवाय मधूनमधून हुंदके देतात.

कायदा बदलला की मालिकेची कशी पंचाईत होते, याचेही एक उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ वरून १०३ वर गेले. दशकानुदशके 'तीनशे दोन' हा आकडा उच्चारताच प्रेक्षकाच्या अंगावर काटा येत असे. 'एकशे तीन' ऐकल्यावर मात्र ताप किती आहे असे विचारावेसे वाटते. फसवणुकीचे ४२० हे कलमही हलून ३१८ मध्ये गेले आहे. लोकांनी त्याची दखल घेतलेली नाही, आणि ते फसवणूक करणाऱ्याला पूर्वीच्याच आकड्याने हाक मारतात.

मराठी मालिकांपुरते बोलायचे तर या प्रकाराचे सर्वाधिक यशस्वी उदाहरण म्हणजे स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'ठरलं तर मग!'. तिचा नायक अर्जुन सुभेदार, म्हणजे अमित भानुशाली, हा निष्णात वकील असून नायिका सायली, म्हणजे जुई गडकरी, हिला वाढवणाऱ्या मधुभाऊंवर खुनाचा आळ आहे. त्यांचा खटला लढवण्याच्या बदल्यात नायक-नायिका ठराविक मुदतीचे करारी लग्न करतात. येथे कायद्याच्या अभ्यासकाला थांबावेच लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाला विरोधी असलेला करार रद्दबातल असतो, आणि लग्न मुदतीवर घेण्याचा करार या कलमातून सुटणे कठीण आहे. जिल्ह्यातील नवख्यातला नवखा वकीलही असा मसुदा स्टँपवर उतरवण्यापूर्वी आपल्या सीनियरला विचारील. निष्णात म्हणून गाजलेल्या नायकाने मात्र तो केला, त्यावर सही केली आणि घरी लपवूनही ठेवला. हा करार न्यायालयात एक दिवस टिकला नसता. मालिका त्यावर वर्षानुवर्षे टिकली, प्रेक्षकसंख्येत अग्रभागी राहिली, आणि सुभेदारांच्या घरातील एकाही व्यक्तीला कलम २३ आठवले नाही.

अशी मालिका लिहिणारे लोक मुंबई-ठाण्याच्या परिसरात राहतात आणि त्यांची कामाची वाटणी न्यायखात्यापेक्षा अधिक काटेकोर असते. कथा एक जण रचतो, दृश्यांचा क्रम म्हणजे पटकथा दुसरा बांधतो, संवाद तिसरा लिहितो, आणि तिघांच्याही डोक्यावर वाहिनीचा प्रतिनिधी असतो, ज्याला सर्व काही ठाऊक असते. त्याला फक्त कलमे ठाऊक नसतात. दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती घरांत मालिका पाहिली गेली त्याचे, आकडे येतात, आणि त्यावरून खटल्याची पुढील दिशा ठरते. आकडे चढले तर नवा साक्षीदार सापडतो. उतरले तर आरोपी तुरुंगात बेशुद्ध पडतो. न्यायालयाचा देखावा एकदा उभारला आणि बाकांवर बसणाऱ्या माणसांना रोजंदारीवर बोलावले की, निर्मात्याचे मन एका भागात भरत नाही. म्हणून मालिकेत दहा मिनिटांची सुनावणी आठवडाभर चालते, तर तालुक्याच्या न्यायालयात आठवडाभराची सुनावणी दर खेपेस पाच मिनिटे याप्रमाणे दहा वर्षांत विभागली जाते.

नगरचा जाणकार प्रेक्षक मालिका का सोडत नाही, याचे उत्तर येथेच आहे. मालिकेत तारीख पडते ती उद्याची, आणि त्या तारखेला काम चालतेच. प्रत्यक्षात दिवाणी प्रक्रिया संहितेने एका पक्षाला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा अधिक मुदती देऊ नयेत असे म्हटले आहे आणि फौजदारीच्या नव्या संहितेने तर दोनच मुदतींची मर्यादा घातली आहे; परंतु मुदतीचा अर्ज, म्हणजे आज काम नको असे सांगणारा कागद, लिहिताना मराठी गद्याला जी कल्पनाशक्ती लाभते ती कायदेमंडळाच्या ध्यानात आलेली नसावी. वकीलसाहेब दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, नकला मिळाल्या नाहीत, घरात लग्नकार्य आहे, ही कारणे सर्व महाराष्ट्राची. ऊसतोडीची टोळी फडात आली आहे, हे या जिल्ह्याचे खास कारण आहे, आणि आजूबाजूला ऊस उभा असलेल्या कोणत्याही तालुक्यात ते ऐकून हसण्याची छाती कोणाला होत नाही, कारण परत गेलेली टोळी आणि परत गेलेली तारीख यांत आधी कोणती येईल हे सर्वांना ठाऊक असते.

हे कंटाळवाणेपण पडद्यावर आणण्याचे धाडस एका चित्रपटाने केले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये एका लोकशाहिरावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालतो. वकील एकसुरी आवाजात कागद वाचतो, न्यायाधीश नोंद सांगतात, पुढची तारीख पडते आणि सगळे आपापल्या घरी जाऊन जेवतात. अनेक भूमिका अव्यावसायिक नटांनी केल्या. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार होते आणि सरकारी वकील होत्या गीतांजली कुलकर्णी. या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पारितोषिके मिळाली आणि पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. न्यायालयात काहीच घडत नाही, हा शोध युरोपातील परीक्षकांना नवा वाटला असावा. तो श्रीगोंद्याच्या कोणत्याही पक्षकाराने चहाच्या एका कपावर सांगितला असता.

खऱ्या वकिलांनाही नाट्याचा मोह सुटत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अजमल कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी देशभर गाजली होती. ती आपणच रचली होती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगितले. आरोपीविषयी सहानुभूतीची लाट येऊ पाहत होती ती थोपवण्यासाठी असे केल्याचे त्यांचे म्हणणे होते. कोणत्याही मालिकेच्या संवादलेखकाला इतका टिकाऊ पदार्थ सुचलेला नाही.

नगर जिल्ह्याचा स्वतःचा वाटा पाहू गेल्यास तो दूरचित्रवाणीच्या इतिहासात थेट किल्ल्यातून सुरू होतो. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले, तेथे नेहरूंनी भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ लिहिला, आणि १९८८ मध्ये त्यावरून श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही त्रेपन्न भागांची मालिका दूरदर्शनवर आली. तिच्यात महात्मा फुल्यांची भूमिका केली ती सदाशिव अमरापूरकर या नगरच्याच नटाने. या साऱ्या प्रकरणात खटला कोठेच नव्हता, हे विशेष. आरोपपत्र नाही, वकीलपत्र नाही, तारीख नाही. ज्या स्थानबद्धतेला तारीखच पडत नाही तिच्यात माणसाला एवढे जाडजूड पुस्तक पुरे करता येते, याची नोंद वकिलांच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनी अवश्य घ्यावी.

खटला म्हणून जिल्ह्याचा खरा मानबिंदू मात्र निराळा आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत नगर मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले आणि पराभूत अपक्ष उमेदवार बाळासाहेब विखे पाटील न्यायालयात गेले. प्रचारसभांत आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करण्यात आली, असा त्यांचा दावा होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे असे करणे हा भ्रष्ट मार्ग, म्हणजे निवडणूक रद्द होण्यास पुरेसे कारण, ठरतो. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, मात्र याच प्रकरणात शरद पवार यांच्यावर आलेला ठपका दूर केला. देशातील निवडणूक कायद्याच्या पुस्तकांत हा निवाडा आजही नेमाने उद्धृत होतो. यात सत्ता आहे, साखर आहे, दोन मातब्बर घराणी आहेत आणि राज्यातील सर्वांत वजनदार पाहुणा कलाकार आहे. तरीही कोणा निर्मात्याने त्याला हात लावलेला नाही, कारण येथे हत्यार म्हणजे भाषण होते, आणि भाषणाने कोणी मरत असते तर नगर जिल्ह्यात प्रत्येक निवडणुकीनंतर जनगणना घ्यावी लागली असती. दोन्ही पक्षकारांनी पुढे आत्मचरित्रे लिहिली: गडाखांचे 'अर्धविराम' आणि विख्यांचे, त्यांच्या निधनानंतर २०२० मध्ये प्रकाशित झालेले, 'देह वेचावा कारणी'. न्यायालयाचे काम संपल्यावर लेखी युक्तिवाद वाचकांपुढे दाखल करण्याची ही प्रथा अन्यत्र रुजलेली दिसत नाही.

मालिकाकारांचे खरे शत्रू न्यायालयात नसून तडजोडीत आहेत. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील भांडण गावातील समितीने मिटवावे आणि तंटे मिटवणाऱ्या गावाला शासनाने बक्षीस द्यावे, अशी ती योजना. लोकअदालतीतही दोन्ही बाजूंच्या संमतीने निवाडा होतो, त्यावर अपील चालत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नसलेला आणि पैसे परत देणारा हा निवाडा पटकथाकाराच्या पोटावर पाय देणारा आहे. त्यात या जिल्ह्यात गुन्ह्याचीही पंचाईत आहे: शनिशिंगणापूरची घरे परंपरेने बिनदाराची असल्यामुळे तेथे कुलूप फोडल्याचा पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली घटनास्थळाची नोंद, लिहिणेही जमणार नाही.

नगरचा खटला नगरच्याच माणसांनी पडद्यावर आणावा, ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण माणसांची वाण येथे नाही. न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागात नागराज मंजुळे शिकले. श्रीगोंदा तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' हा चित्रपट काढण्यासाठी जमीन विकल्याचे सर्वश्रुत आहे, आणि या जिल्ह्यात जमिनीचा न्यायालयाबाहेर इतका नाट्यमय उपयोग क्वचितच झाला असेल. एकांकिकांच्या महाकरंडक स्पर्धेत नगरला राज्यभरची मुले येऊन जातात. बांधाच्या दाव्यावर मालिका निघालीच, तर तिच्यात हातोडा नसेल आणि कबुलीही नसेल. पहिल्या पन्नास भागांत मोजणी होईल: भूमापक येईल, नकाशा पसरील, दोन्ही बाजूंचे भाऊबंद त्याच्या मागून चालतील, आणि खुणेचा दगड सापडला नाही म्हणून मोजणी पुन्हा मागवली जाईल. मध्येच कोणी तरी वाट अडवली म्हणून १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे उपकथानक सुरू होईल. तलाठ्याची भूमिका करायला चांगला नट लागेल, कारण सर्व माहीत असून काहीही न सांगणे हे त्याच्या वाट्याला येणार आहे. पाचशेव्या भागाच्या सुमारास वादी मयत होईल; मग नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा, म्हणजे मृताच्या जागी मुलांची नावे दाव्यात लावण्याचा, अर्ज येईल, आणि जुना कलाकार बदलून नवा आणण्यासाठी निर्मात्याला अपघात, स्मृतिभ्रंश किंवा प्लास्टिक सर्जरी यांपैकी कशाचाच आधार घ्यावा लागणार नाही.